मेल्यावर बरा झालेला भाऊ

माझा धाकटा भाऊ हयातभर आजारी होता आणि मेल्यावर बरा झाला. बरा केला, असं म्हणायला हवं. गल्लीनं, नातेवाइकांनी, थोरल्या भावानं, सगळ्यांनी मिळून केला. डॉक्टरांना जे उभ्या जन्मात जमलं नाही ते यांनी बसल्या बसल्या, चहा पिता पिता उरकलं. मला अजून त्याचा राग येतो. तो राग जावा असंही वाटत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं घर सोलापुरात, भुसार बाजाराच्या मागच्या गल्लीत. खाली ज्वारीचं दुकान आणि वर आम्ही. मंगळवेढ्याची ज्वारी वडिलांच्या काळापासून येते. घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. भांडण कानडीत, व्यवहार मराठीत. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग. आम्ही भावंडं तीन. थोरला, ज्याला आम्ही अण्णा म्हणतो, दुकान बघतो. मधली मी, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. आणि धाकटा, जो मला अक्का म्हणायचा.

धाकटा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता तेव्हा त्याला आवाज ऐकू यायला लागले. आमच्या भिंतीला लागूनच शेजाऱ्यांचा टॉवेलचा कारखाना आहे. त्यांची मूळ भाषा तेलुगू, पण तीन पिढ्या इथंच गेल्या. दिवसभर मागांची खटखट चालते आणि आम्हाला ती ऐकूही येत नाही इतकी सवयीची. त्या खटखटीत कुणीतरी आपलं नाव घेऊन घाण घाण बोलतंय, असं धाकटा म्हणायला लागला. आधी आम्ही हसलो. मग वीज गेल्यावर, सगळे माग बंद पडलेले असतानाही तो कान दाबून बसायला लागला आणि आमचं हसू आटलं.

वडिलांनी आधी दोन थोबाडीत दिल्या. मग सीमेपलीकडच्या एका गावात भूत उतरवणाऱ्याकडे नेला. तिथं त्याच्या अंगावर वेताचे वळ उठले आणि भूत काही उतरलं नाही. सगळं करून दमल्यावर दूरच्या शहरात मनोविकारांच्या डॉक्टरांकडे नेला. दूरच्या शहरात अशासाठी, की सोलापुरात कुणी दवाखान्याच्या पायरीवर बघितलं असतं. एवढ्यावर भागलं नाही म्हणून वडिलांनी तिथं पोराचं नावही खोटं सांगितलं. त्या दवाखान्यात स्किझोफ्रेनिया झालेला जो कोण होता तो आमचा कुणीच लागत नव्हता. आमच्या घरातला धाकटा नुसता शांत स्वभावाचा होता. कुणी विचारलं की आम्ही सगळे हेच सांगायचो.

माझं लग्न मोडलं ते याच्यावरनंच. होटगीचं स्थळ होतं, मुलगा रेल्वेत. साखरपुडा झाला, लग्नाची तारीख काढली. मग कुणीतरी होटगीला जाऊन सांगितलं, पोरीचा भाऊ येडा हाय. त्या लोकांनी निरोप पाठवला की पत्रिका पुन्हा बघितली, जुळत नाही. मुलाच्या मिशा मला तशाही आवडल्या नव्हत्या, त्यामुळे फार रडले असं नाही. पण त्यानंतर आमच्या घरात आजार हा शब्द बंद झाला. गोळ्या मोहरीच्या डब्यात राहायला गेल्या आणि पुढं आलेल्या स्थळांना मीच नको म्हणाले.

गोळ्यांनी त्याला बरंच बरं वाटायचं. आवाज जायचे नाहीत, पण लांब जायचे. चांगल्या दिवसांत तो दुकानाच्या मागच्या खोलीत बसून ज्वारी चाळायचा, खडे काढायचा, आणि पुडे बांधायला आणलेली जुनी वर्तमानपत्रं एकेक करून वाचून काढायचा. वाईट दिवसांत भिंतीकडे तोंड करून पडायचा. आंघोळ नाही, जेवण नाही. अण्णा तेव्हा खोलीच्या दारात उभं राहून गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचा, "सोंग हाय सगळं. काम नको म्हणून. जेवताना बरं कळतंय की याला."

धाकट्याला आवाजांपेक्षा हे जास्त लागायचं. आवाज काय बोलतात ते त्यानं मला कधी सांगितलं नाही, पण अण्णाचं हे वाक्य तो माझ्यापाशी पुन्हा पुन्हा काढायचा. सोंग कसं करतात ते तरी मला येतंय का, म्हणून विचारायचा.

अशाच एका चांगल्या दिवशी तो वर्तमानपत्राचा तुकडा घेऊन वर आला. तेव्हा पन्नाशी गाठली होती त्यानं. तुकडा तेलकट झालेला, पण वाचता येत होता. मेल्यानंतर मेंदू दान करता येतो, मनाच्या आजारांवर संशोधन करणारे लोक तो जपून ठेवतात, अशी बातमी होती.

"अक्का, डोळ्यावानी मेंदूपण घेतात म्हणं."

"घेतात."

"मग माझा दे. उघडून बघू दे त्यांना. अण्णा म्हणतो सोंग हाय. सोंग कुटं असतंय आत, दिसू दे की एकदा."

मी पडले विज्ञानाची शिक्षिका. गप्प बसावं की नाही? मी त्याला समजावायला लागले की हा आजार असा डाग पडल्यासारखा दिसत नाही. अशा शेकडो माणसांचे मेंदू आणि शेकडो निरोगी माणसांचे मेंदू शेजारी शेजारी ठेवून तपासावे लागतात, तेव्हा कुठं थोडा फरक हाती लागतो. एकट्याच्या मेंदूवरून काही सांगता येत नाही.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मग त्या आजारी लोकांत माझा एक धर म्हणावं. मोजून तरी घेतील."

एवढंच मागणं होतं त्याचं. आपण आजारी होतो हे कुणीतरी धरावं, आजाऱ्यांत आपल्याला मोजावं. साडीचोळी मागणारी नणंदसुद्धा यापेक्षा जास्त मागते.

मी चौकशी केली. दूरच्या एका शहरात मेंदूपेढी होती. तिथल्या डॉक्टरबाई फोनवर चांगलं, सावकाश बोलायच्या. मेंदू लवकर काढायला हवा, तोवर डोकं थंड राहायला हवं, आणि सगळ्यांचा एकाच पद्धतीनं काढायला, कापायला, ठेवायला हवा, असं त्यांनी सांगितलं. एका ठिकाणी उन्हात पडलेला आणि दुसऱ्या ठिकाणी बर्फात ठेवलेला मेंदू शेजारी ठेवला तर दिसणारा फरक आजाराचा की उन्हाचा, हे कसं कळणार? म्हणून पेढ्या आपापसात नियम ठरवतायत, एकसारखे. प्रश्नही प्रत्येक घरी तेच विचारायचे, त्याच क्रमानं. मला हे फार आवडलं. आमच्या घरात इतक्या वर्षांत कुणी कुणाला एकही सरळ प्रश्न विचारला नव्हता. डॉक्टरबाईंनी सोलापुरातल्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांशी बोलून ठेवलं. धाकट्यानं सही केली, मी केली. अण्णाला मी सांगितलं तेव्हा तो ज्वारीचं वजन करत होता. त्यानं मान हलवली, ऐकलं की नाही देव जाणे.

धाकटा गेला तो सकाळी, ज्वारीच्या पोत्यांना टेकून. हृदय बंद पडलं. घरचे डॉक्टर येऊन बघून गेले आणि मी लगेच रुग्णालयात फोन लावला. तेव्हा अण्णाला कळलं की मागं मी काय सांगत होते.

"न्ह्यायचं न्हाय त्याला कुटं," अण्णा म्हणाला.

त्याला मेंदूचं काही नव्हतं. अडचण वेगळीच होती. आमच्यात माणूस गेला की त्याला निजवत नाहीत, बसवतात. मांडी घालून, भिंतीला टेकवून, कपाळाला विभूती लावून, डोकं कापडानं मागं बांधून. दर्शनाला लोक येतात ते बसलेल्या माणसाच्या. मातीत ठेवतात तेही बसवूनच. आणि हे अंग ताठायच्या आत करावं लागतं. रुग्णालयात टेबलावर उताणा पडून ताठला, तर मग तो कसला बसतोय?

"उभाच पुरायचा का मग?" अण्णा ओरडला.

मी म्हणत होते उशीर झाला तर मेंदू वाया जाईल, तो म्हणत होता उशीर झाला तर मांडी घालता येणार नाही. दोघांनाही घाई होती आणि दोघंही जागचे हलत नव्हतो. तेवढ्यात आमचे स्वामी आले, अंत्यविधी करणारे. वयस्कर, थोडे बहिरे. त्यांना मोठ्यानं सगळं सांगावं लागलं, त्यामुळे निम्म्या गल्लीनं ऐकलं असतं. नशीब, मागांची खटखट चालू होती. स्वामींनी धाकट्याचा गुडघा हलवून बघितला.

"अजून मऊ हाय," ते म्हणाले. "आत्ताच मांडी घालू, बांधू. बसूनच जाऊ दे की दवाखान्यात."

आणि तसंच झालं. स्वामींनी त्याची मांडी घातली, उपरण्यानं घट्ट बांधली. शेजारच्या सोडावाल्याकडून बर्फाची लादी आणली, फोडली, पिशव्यांत भरून त्याच्या डोक्याभोवती बांधली. माझा भाऊ मांडी घालून, डोक्यावर बर्फाचा मुकुट घालून सोलापूरच्या रस्त्यानं गेला. मी गाडीत त्याला धरून बसले होते. सिग्नलला शेजारच्या रिक्षातल्या एका बाईनं त्याला हात जोडले. कुणी महाराज असतील असं वाटलं असावं तिला.

रुग्णालयातले डॉक्टर तरुण होते. मांडी बघून क्षणभर थबकले. मग म्हणाले, "मला काम फक्त डोक्याशी आहे, मांडी राहू द्या." त्यांच्यापुढं पेढीनं पाठवलेला कागद होता, त्यात एकामागून एक काय करायचं ते लिहिलेलं. मांडी घातलेल्या माणसाबद्दल त्यात काही नव्हतं. नियम करणाऱ्यांनी सगळं धरलं असेल, आम्हाला धरलं नव्हतं. तरी काम झालं. मेंदू बर्फाच्या पेटीतून गाडीनं गेला, आणि डोकं इतकं नीट शिवून दिलं की अण्णालाही बोलायला जागा उरली नाही.

घरी आल्यावर अण्णानं टाक्यांवरून फेटा बांधला. लोक जमायला लागले होते. रुग्णालयात कशाला नेला होता, म्हणून विचारत होते. अण्णा म्हणाला, "डोळे दिले त्याचे. नेत्रदान केलं."

मला ऐकू आलं. पण मेंदू वेळेत गेला होता, बाकी कुणी काय सांगतंय ते बघायचं त्राण माझ्यात नव्हतं. लोक गहिवरले. आमची म्हातारी आत्या अक्कलकोटहून आलेली, ती दर्शनाला वाकली आणि ओरडली, "अगं बाई, डोळं तर हायत की याला!"

"वरचा पापुद्रा घेतात आत्या आता," अण्णा म्हणाला. त्याला एवढं माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं.

आमच्यात शेवटी स्वामी मृताच्या डोक्यावर पाय ठेवतात, आशीर्वाद म्हणून. आमच्या स्वामींनी पाय उचलला, फेट्यावर टेकवल्यासारखा केला, आणि भार न देता तसाच उचलून घेतला. सगळ्या दिवसात मी रडले ती तेवढीच.

साधारण महिन्यानं डॉक्टरबाईंचा फोन आला. मेंदू चांगल्या स्थितीत पोचला होता. आता त्या माणसाची हकिगत हवी. आधी त्यांनी मला विचारलं, दोन दुपारी सलग. आवाज कधी सुरू झाले, झोप कशी होती, कोणत्या गोळ्या, किती काळ, कधी डोक्याला मार, कधी मरायच्या गोष्टी. मी सगळं सांगितलं. वेताचे वळही सांगितले. फोन ठेवला तेव्हा मला बरेच दिवसांनी भूक लागली होती. मग त्या म्हणाल्या, आता हेच प्रश्न त्याला जवळून बघितलेल्या दुसऱ्या माणसाला विचारायचे. जुने कागद त्याच्या नावाचे असते तर काम भागलं असतं, पण सगळे कागद शेवटपर्यंत भलत्याच नावाचे. तेव्हा दोन माणसांचं जुळायला हवं. तुमचे थोरले बंधू सांगतील ना?

"सांगतील की," मी म्हणाले. सांगणार नाही असं माझ्या मनातही आलं नाही. मेंदू काढून न्यायला दिला, आता दोन वाक्यं बोलायला काय जातंय?

अण्णानं फोन दुकानातच घेतला. मी पोत्यांपाशी उभी होते.

"आजार? छे हो मॅडम. शांत स्वभावाचा होता."

मला वाटलं प्रश्न नीट कळला नसेल.

"आवाज? न्हाय न्हाय. उलट जरा कमीच ऐकू यायचं त्याला... गोळ्या? शुगरच्या असतील... दुकानात बसायचा की रोज. लई कष्टाळू."

कष्टाळू! जन्मभर सोंगाड्या म्हटलं त्याला, आणि आता कष्टाळू. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "हे काय केलंस तू?"

"पोरीचं बोलणं चाललंय," तो म्हणाला. पोर म्हणजे त्याची मुलगी, माझी भाची. "मंगळवेढ्याचं स्थळ हाय."

"त्या डॉक्टरबाई मंगळवेढ्याला सांगत फिरणार हायत का?"

"तुझं होटगीला कोण सांगत गेलं होतं?"

मग मी दुसरीकडून गेले. "अरे, मग मेंदू दिलास कशाला?"

"दान म्हणून दिला," अण्णा म्हणाला, अगदी मनापासून. "दान करायला आजारी कशाला असायला पाहिजे?"

मनाच्या आजाराच्या संशोधनाला भावाचा मेंदू द्यायचा, आणि भावाला मनाचा आजार नव्हता म्हणून सांगायचं. हे फक्त आमच्या घरातच होऊ शकतं असं मला तेव्हा वाटलं होतं. नंतर कळलं की गल्लीही आमचीच आहे.

डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून कुणी आहे का, बरीच वर्षं बघितलेलं? मला लगेच शेजारी आठवले. यांच्याइतकं कुणी बघितलं होतं? धाकट्यानं एकदा भर दुपारी त्यांच्या कारखान्यात घुसून मेन स्विच पाडला होता. माग शिव्या देतायत म्हणून. तेव्हा हेच शेजारी गल्लीच्या मध्यात उभे राहून ओरडले होते, येड्याला दाव्यानं बांधा, नायतर मी पोलीस आणतो. सगळी गल्ली गॅलरीत आली होती. मी त्यांच्याकडे गेले, चहा घेतला, आणि जे बघितलं तेवढंच डॉक्टरबाईंना सांगा म्हणाले.

शेजाऱ्यांनी कपाळाला हात लावला. "तसलं काय न्हाय ओ बाई. देवमाणूस व्हता."

"तुम्ही बांधून ठेवा म्हणाला होतात."

"ते रागात. मेलेल्या माणसाला येडा म्हणू का आता? पाप लागंल की."

"मेन स्विच पाडला होता त्यानं."

"लाइट गेली असंल," शेजारी म्हणाले. "आपल्या गावात लाइटचं काय खरं हाय का?"

जिवंत होता तेव्हा रोज येडा म्हणायला यांना पाप लागत नव्हतं. मी त्यांना हे तोंडावर म्हणाले. त्यांनी मला अजून अर्धा कप चहा ओतला. डॉक्टरबाईंशी ते बोललेसुद्धा, आणि देवमाणूस व्हता म्हणून सांगून मोकळे झाले. आत्यानं तर सगळ्यांवर कडी केली. तिला आवाजांचं विचारल्यावर ती म्हणाली, व्हय, देव बोलायचा त्याच्याशी, पुण्यवान जीव होता, आमच्या घराण्यात हे हायच.

काही आठवड्यांनी डॉक्टरबाईंनी निकाल सांगितला. आजारी गटात धरता येत नाही, कारण माझ्याशिवाय कुणी आजार सांगत नाही. निरोगी गटातही धरता येत नाही, कारण मी गोळ्या सांगते. मेंदू ठेवतील, पण कशातच मोजणार नाहीत. घरच्यांपैकी कुणी पुढं बोललं तर बघू. मला त्यांच्यावर राग काढायचा होता, पण निघेना. नियम बरोबर होता. एकाच्या शब्दावर धरायला लागले तर कुणालाही आजारी करता येईल आणि कुणालाही बरा. मी स्वतः पोरांना हेच शिकवलं होतं.

भाचीचं लग्न झालं, मंगळवेढ्यालाच. मी अण्णाला म्हणाले, आता बोल. तो म्हणाला, तिला तिथं रुळू दे. मग म्हणाला, तिचं बाळंतपण होऊ दे. बाळ झालं, मुलगा. मग म्हणाला, आता त्या पोराचं आयुष्य हाय की पुढं. म्हणजे त्या पोराचं लग्न होईपर्यंत. मी हिशेब सोडून दिला.

तरी मी गप्प बसले असते कदाचित. पण मागच्या महिन्यात दुकानात उतरले तर गल्ल्याच्या वर धाकट्याचा फोटो लावलेला, हार घातलेला, आणि खाली रंगवून घेतलेली अक्षरं: मरणोत्तर नेत्रदान. फोटोत तो चांगल्या दिवसांतला होता, केस विंचरलेले. दुकानात गिऱ्हाइकं होती, कारखान्यावाले शेजारीही येऊन बसलेले होते. मी स्टूल घेतलं, वर चढले आणि फोटो खाली काढला.

"काय करायलीस?" अण्णा गादीवरून उठला. "ठेव तिथं!"

"खोटं हाय हे. डोळे त्याच्याबरोबर मातीत गेले. जे दिलं त्याचं नाव लिही."

"सगळ्यांपुढं तमाशा करायलीस? तू बी त्याच्यासारखीच येडी झालीस! त्या येड्याला जन्मभर सांभाळलं, आता तुला सांभाळू का?"

गिऱ्हाइकं पिशव्या धरून उभी. शेजाऱ्यांनी मान खाली घातली. आणि मला, खरं सांगते, आनंद झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा अण्णाच्या तोंडून ते निघालं होतं, सोंग नव्हे, येडा. मी पदरातला फोन काढला, डॉक्टरबाईंना लावला आणि त्याच्यापुढं धरला.

"हेच बोल. आत्ता बोललास ना, तेवढंच. एकदा."

पलीकडून हॅलो ऐकू आलं. अण्णानं फोन घेतला. माझ्याकडे बघितलं, गिऱ्हाइकांकडे बघितलं. घसा साफ केला आणि त्याचा तो गिऱ्हाइकांशी बोलायचा मऊ आवाज लावला.

"हां मॅडम, नमस्कार. न्हाय, तसं काय न्हाय... भावाचं मी सांगितलं तेच. काय हाय, बहिणीची तब्येत जरा बरी नसती हल्ली. एकटी हाय ना. तिच्या डोक्यात काय काय येतंय. मनावर घेऊ नका."

फोन त्यानं माझ्या हातात परत दिला. डॉक्टरबाई अजून होत्या पलीकडे. त्या नेहमीसारख्याच सावकाश बोलल्या, पण आवाज बदलला होता. तो आवाज मी ओळखला. धाकट्याचे ते मनोविकारांचे डॉक्टर त्याच्याशी त्याच आवाजात बोलायचे.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुम्ही स्वतः कुणाला दाखवलंय का?"

मी फोन बंद केला. अण्णानं फोटो पुन्हा खिळ्याला लावला, हार सारखा केला आणि गिऱ्हाइकाची ज्वारी मापायला घेतली. घरात वेड आहे हे त्यानं शेवटी डॉक्टरांपुढं कबूल केलं होतं. माणूस तेवढा दुसरा सांगितला.